लाभांशावर वर्षाचे किती दिवस?

महापेतल्या मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये जेवणाच्या सुट्टीत कुणाचा तरी फोन वाजतो. बँकेचा मेसेज: ३६० रुपये जमा. पासबुकात त्यापुढे ‘एसीएच सी’ आणि एका कंपनीचं नाव. अर्ज केला नाही, काही विकलं नाही, कुणाला फोनही केला नाही. हा लाभांश, कंपनीच्या नफ्यातला वाटा. पण लाखो भागधारकांच्या गर्दीत कंपनीनं नेमकं हेच खातं शोधलं कसं?

शेअर असतात डीमॅट खात्यात आणि त्या खात्यांच्या नोंदी असतात एनएसडीएल आणि सीडीएसएल या दोन डिपॉझिटरींकडे. बाजार चालू असताना शेअर सतत हात बदलत असतात. अशा वेळी लाभांशाचा मालक कोण? त्यासाठी कंपनी एक दिवस जाहीर करते, रेकॉर्ड डेट. शाळेत वर्गाचा फोटो काढतात, तसाच हा प्रकार. त्या दिवशी हजर होता तो फोटोत आला. दुसऱ्या दिवशी त्यानं शाळा सोडली तरी फोटोतून जात नाही!

२७ जानेवारी २०२३ पासून शेअरचे सौदे पुढच्याच कामकाजाच्या दिवशी पुरे होतात. त्यामुळे रेकॉर्ड डेटलाच शेअर घेणारा लाभांशाला मुकतो आणि त्याच दिवशी विकणाऱ्याला तो मिळतो. मग आदल्या दिवशी घ्यावा आणि लगेच विकावा? बाजार एवढा भोळा नाही. रेकॉर्ड डेटच्या सकाळी शेअरचा भाव साधारण लाभांशाइतका खाली येतो.

पुढची पायरी तर महापेहून फार लांबही नाही. ऐरोली पूल ओलांडून मुलुंडला उतरा, लालबहादूर शास्त्री मार्गानं विक्रोळी गाठा. तिथे देशातल्या एका मोठ्या रजिस्ट्रारचं, म्हणजे कंपन्यांसाठी भागधारकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेचं, कार्यालय आहे. डिपॉझिटरीची यादी रजिस्ट्रारकडे येते, प्रत्येक नावापुढे शेअरची संख्या गुणिले लाभांशाचा दर असा हिशेब होतो, लागू असेल तर कर वजा होतो आणि बाकीची रक्कम ‘नाच’ नावाच्या यंत्रणेतून देशभरातल्या खात्यांत पोचते. १ ऑगस्ट २०२१ पासून ही यंत्रणा आठवड्याचे सातही दिवस चालते. रविवारी पोहे खाताना लाभांश जमा झाला तर तो हिच्याच कृपेनं.

कायदाही किती कडक! लाभांश जाहीर झाल्यापासून पाच दिवसांत ती रक्कम बँकेत वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, तीस दिवसांत वाटावी लागते. जाणूनबुजून टाळलं तर संचालकांना दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि कंपनीला १८ टक्के व्याज भरावं लागतं.

आता आपली लाभांशाच्या हिशेबाची वही उघडू. बातमी येते, ‘८०० टक्के लाभांश’! पण हे टक्के दर्शनी किमतीवरचे असतात. दर्शनी किंमत १ रुपया असेल तर हातात ८ रुपये, आणि शेअर ४०० रुपयांना घेतला असेल तर उत्पन्न दोनच टक्के. वहीत हे शेवटचे दोन टक्के लिहायचे. शिवाय २०२५-२६ पासून एका कंपनीकडून वर्षात १०,००० रुपयांहून जास्त लाभांश मिळाला की १० टक्के कर आधीच कापला जातो. १२,००० मिळायचे तिथे १०,८०० जमा होतात. उत्पन्न मात्र १२,००० च. फक्त पासबुक पाहून वही लिहिली तर ती आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाशी जुळणारच नाही.

वही नसली तर काय होतं? सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतलाच नाही, तर ते पैसे आणि त्यासोबत ते शेअरसुद्धा सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जातात. वारसांना अर्ज करून ते परत मागता येतात, पण आजोबांचे शेअर होते हे आधी माहीत तर हवं!

वहीत महिन्यांची तुलना करू नका. मार्चमध्ये वर्ष संपवणाऱ्या कंपन्यांना वार्षिक सभा सप्टेंबरअखेर घ्यावी लागते, म्हणून बराचसा लाभांश पावसाळ्यातच येतो. मागच्या बारा महिन्यांची बेरीज धरा. तीही दर वर्षी वाढेलच असं नाही: एप्रिल २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना नुकत्याच सरलेल्या आर्थिक वर्षाचा आणखी लाभांश वाटायला मनाई केली आणि वह्यांमधले बँकांचे रकाने कोरे राहिले.

मला सगळ्यात भुरळ घालतं ते एक मोजमाप: लाभांशावर वर्षाचे किती दिवस निघतात? समजा, घरखर्च महिना ५०,००० रुपये. पहिल्या वर्षी ३ लाख गुंतवले, दोन टक्क्यांनी ६,००० आले. म्हणजे जेमतेम साडेतीन दिवस! पण मिळालेल्या लाभांशातून पुन्हा शेअर घेतले आणि दर शेअरचा लाभांश वर्षाला १० टक्के वाढला असं धरू. चोवीस वर्षांत त्या ६,००० चे करापूर्वी जवळपास ९५,००० होतात. महागाई सहा टक्के धरली तर तोवर खर्चही चौपट झालेला असेल. तरी साडेतीन दिवसांचे चौदा दिवस होतात, एकही नवा रुपया न घालता!

आणि दर वर्षी तशीच, महागाईइतकी वाढवत नेलेली रक्कम घातली तर? पहिल्या वर्षाचे पैसे चोवीस वर्षं वाढतात, दुसऱ्याचे तेवीस, तिसऱ्याचे बावीस... सगळी बेरीज जाते १९० दिवसांच्या पुढे. जानेवारी ते जून, आणि वर जुलैचे काही दिवस.