उपकरणाविना ड्रायव्हर

संगणकास जोडलेली बहुतेक उपकरणे आपली ओळख स्वतः सांगतात. यूएसबी उपकरण आपल्या उत्पादकाचा व प्रकाराचा क्रमांक कळविते. त्यावरून विंडोज ही कार्यप्रणाली योग्य ड्रायव्हर शोधते. परंतु काही ड्रायव्हरांच्या मागे उपकरणच नसते. उदाहरणार्थ, रॅम-डिस्कचा ड्रायव्हर संगणकाच्या स्मृतीचा एक भाग डिस्क म्हणून पुढे करतो. जी वस्तू अस्तित्वातच नाही, तिची ओळख कोणी सांगावी?

ती ड्रायव्हरच्या लेखकालाच ठरवावी लागते. बहुधा ‘रूट’ या शब्दाने आरंभ होणारे एक ओळखनाम तो निवडतो व ‘आयएनएफ’ नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत लिहितो. पुढे प्रतिष्ठापनेच्या वेळी त्याच नावाने एका काल्पनिक उपकरणाची नोंद करावी लागते. दोन्ही नावांत एका अक्षराचाही फरक पडला, तर जुळणी होत नाही.

या फाइलीचे विभाग चौकोनी कंसांतील शीर्षकांनी ओळखले जातात. ‘व्हर्शन’ विभागात उपकरणाचा वर्ग, पुरवठादार व दिनांक असतो. सेवेच्या विभागात ड्रायव्हर केव्हा सुरू करावा, हे अंकाने सांगितलेले असते. ३ म्हणजे ‘गरज पडेल तेव्हा’.

पुष्कळ ड्रायव्हर कार्यप्रणालीच्या गाभ्यात चालतात. तेथील एक दोष सबंध संगणक बंद पाडू शकतो. यास्तव ड्रायव्हरसोबत अंकीय स्वाक्षरीची सूची-फाइल असते. स्वाक्षरीनंतर आयएनएफमधील एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ती फाइल स्वाक्षरीशी जुळत नाही. म्हणून ‘इन्फव्हेरिफ’ या साधनाने तिची तपासणी स्वाक्षरीपूर्वीच करणे इष्ट होय.