जुन्या ट्रकचे स्टिअरिंग

उकव्याचे मँगनीज लादून घाट उतरणाऱ्या जुन्या ट्रकचे स्टिअरिंग सैल झाले, की मालक प्रथम स्टिअरिंग बॉक्सच उघडावयास सांगतो. दोष पुष्कळदा खाली असतो. मागच्या चाकांस दगड लावून पुढचे चाक जॅकने उचलावे, अ‍ॅक्सलखाली भक्कम ठोकळा द्यावा व चाक वरून-खालून धरून हलवावे. हलले तर कोणास तरी ब्रेक दाबावयास सांगावे. हलणे थांबले तर बेअरिंग सैल. न थांबले तर किंगपिन वा तिचे बुश झिजलेले. पिनेपाशी केसाएवढी असलेली फट चाकाच्या कडेशी कित्येक पट होते. तरफेचा हा धडा वर्गात आम्ही फळ्यावरच शिकवितो! नुसती पिन बदलणे ही खोटी काटकसर. बुशही नवे घालावे, रीमरने मापास आणावे, ग्रीसचे छिद्र जुळवावे. कमानीचा सेंटर बोल्टही पाहावा. तो तुटला तर अ‍ॅक्सल सरकून गाडी एका अंगास ओढते.