गळू पिकेपर्यंत

बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ साली ‘अपेंडिसायटिस’ हे नाव रूढ केलं आणि वेळ न दवडता ऑपरेशन करा, असा आग्रह धरला. याच फिट्झनी तीन वर्षांनी स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाबद्दल उलटा इशारा दिला: सुरुवातीला चाकू लावणं अतिशय धोक्याचं. हा सल्ला सर्जनमंडळींच्या पचनी पडायला शंभरावर वर्षं गेली.

जठरामागे आडवं पडलेलं स्वादुपिंड वीतभरही लांब नसतं. त्यातले पाचक रस आतड्यात पोचल्यावर जागे व्हायचे असतात. पित्ताचा खडा नळीच्या तोंडाशी अडकला किंवा दारूने घात केला, की ते जागच्या जागी कामाला लागतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. बहुतेक रुग्ण सलाइन आणि वेदनाशामकांवर बरे होतात. पाचांतल्या एखाद्याचं दुखणं मात्र चिघळतं. ग्रंथीचा आणि भोवतीच्या चरबीचा भाग मरतो, त्यात जंतू शिरतात.

मेलेलं ते काढून टाका, हा सर्जनचा सरळ हिशेब. पोट उघडायचं, बोटांनी घाण सोडवायची, गरज पडली की पुन्हा उघडायचं. पण पहिल्या पंधरवड्यात मेलेल्या आणि जिवंत भागामध्ये हद्दच पडलेली नसते. राखाडी-काळा, ओल्या चिंध्यांसारखा लगदा ओढावा, तर सोबत रक्तवाहिनी फाटते. मेक्सिकोतल्या एका छोट्या चाचणीत (१९९७) पहिल्या तीन दिवसांत ऑपरेशन झालेल्यांपैकी ५८ टक्के दगावले. किमान बारा दिवस थांबलेल्यांपैकी २७ टक्के. चाचणी मध्येच थांबवली गेली.

गळू पिकल्याशिवाय फोडू नये, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असतं. इथेही साधारण चार आठवड्यांत मेलेल्या भागाभोवती शरीर भिंत बांधतं. अर्थात आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांना ‘अजून थांबू’ हे हयगयीसारखंच ऐकू येतं.

२०१० मध्ये डच डॉक्टरांनी ८८ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांचं पोट नेहमीसारखं उघडलं. उरलेल्यांच्या शक्यतो डाव्या कुशीतून, पोटाच्या पोकळीला वळसा घालून, जेमतेम चार-पाच मिलिमीटरची नळी आत सोडली. पू वाहू दिला, सलाइनने धुतलं. उतार पडला नाही, तरच त्याच वाटेने छोटा छेद, दुर्बीण आणि चिमटा. तोही जे अलगद सुटेल तेवढ्यालाच लावायचा. मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंतीचं प्रमाण ६९ टक्क्यांवरून ४० वर आलं. नुसत्या मृत्यूंत फारसा फरक नव्हता, हेही सांगायला हवं. पण मला खरा धक्का दुसऱ्याच आकड्याने दिला: नळीवाल्यांपैकी ३५ टक्क्यांना पुढे काहीच करावं लागलं नाही. पू निघून गेला आणि उरलेल्या मेलेल्या भागाची विल्हेवाट शरीराने लावली!

आता तोंडावाटे एंडोस्कोप घालून जठराच्या भिंतीतूनच वाट करतात. डमरूसारखा धातूचा स्टेंट बसवला, की घाण जठरात उतरते. आणि २०२१ मध्ये त्याच डच गटाने नळीसाठीही भिंत तयार होईपर्यंत थांबून पाहिलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांचं नुसत्या अँटिबायोटिक्सवर भागलं. नळी घालायची वेळच आली नाही.