सालींचा शनिवार

सकाळी साडेसहा. बेळ्ळंदूरच्या आमच्या सोसायटीत हिरवे डबे खाली यायला लागतात. बंगळूरची वाटणी ठरलेली: ओला कचरा हिरव्या डब्यात, डायपर-पट्ट्या लाल डब्यात, सुका पिशवीत. शनिवारी खतघरावर देखरेख माझी. काम मात्र मावशींचं. मावशी भालकीच्या, त्यामुळे आमचं सगळं मराठीतच चालतं.

साडेसात. निवडणं. मे महिना असल्यानं आंबा आणि फणस यांचाच भरणा. कोयी वेगळ्या काढायच्या, त्या एका फेरीत कुजत नाहीत. शिवाय फळांवरची ती इवलीशी स्टिकरं! प्लास्टिकची असतात, कुजत नाहीत, चाळणीतूनही निसटतात. "ताई, ह्ये शिकलेल्या लोकांना दिसत न्हाई का?" मावशींचा हा प्रश्न दर आठवड्याचा.

नऊ. आता भर घालायची. साल कुजणं सोपं असतं असं लोकांना वाटतं. खरं तर कलिंगडाच्या सालीत जवळजवळ पाणीच. नुसत्या साली पिंपात कोंबल्या की त्या दबतात, हवा आत शिरत नाही आणि खताऐवजी आंबलेला, नाक धरायला लावणारा लगदा होतो. म्हणून घमेलंभर सालींवर निदान तेवढाच सुका पाला, आणि मूठभर जुनं खत विरजण म्हणून. आमची खरी टंचाई पाल्याची. फळं सगळेच खातात, पण झाडून काढलेला पाला पोत्यात भरून देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांनी 'प्रयोग परिवारा'तून गच्चीवरच्या बागायतदारांना हेच शिकवलं: पालापाचोळा जाळू नका, त्याची माती करा.

अकरा. मागच्या आठवड्याच्या ढिगात तापमापक खुपसला. 58 अंश. 55च्या वर काही दिवस राहिलं की बहुतेक रोगजंतू आणि बिया मरतात. नाहीतर कुंडीत गुलाबाआधी पपई उगवते. फावड्यानं ढीग उलटायचा, कडेचं आत, आतलं कडेला. हे दमवणारं काम मावशी न कुरकुरता करतात आणि पगारवाढीचा विषय कमिटीच्या बैठकीत मागं पडतो.

दुपारी जेवण.

तीन. पाचव्या मजल्यावरचा एक तरुण हळूच येऊन विचारतो, "मावशी, गांजाच्या झाडाला केळीच्या सालीचं खत चालेल?" मावशी माझ्याकडे बघतात. केळीच्या सालीत पोटॅश भरपूर, चांगलं कुजलेलं खत कुठल्याही झाडाला मानवतं. कायद्याला मात्र हे झाड मानवत नाही. 1985च्या अमली पदार्थ कायद्याच्या कलम 20 नुसार विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. 2024च्या नोव्हेंबरात याच शहरात एका जोडप्यानं बाल्कनीतल्या कुंड्यांचे फोटो फेसबुकवर टाकले, त्यांत गांजाही दिसला, आणि पोलीस दारात आले. त्याला म्हटलं, "बाळा, टोमॅटो लाव." तो हसला, पटलं की नाही, कोण जाणे.

चार. तयार खत चाळणं. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसासारख्या वासाचं. मोसंबीच्या सालींचे तुकडे अजून ओळखू येतात. त्यांतल्या तेलामुळं त्या सावकाश कुजतात, म्हणून पुन्हा नव्या ढिगात. चिलटांवर उपाय एकच, साल उघडी ठेवायची नाही.

साडेपाच. गेटाबाहेर बेळ्ळंदूर तळ्याच्या बाजूनं वारा. 2015 आणि 2017 साली या तळ्यावर आग पाहिलेल्या, 2018च्या जानेवारीत पुन्हा लागलेली आग विझवायला आलेले जवान पाहिलेल्या शेजाऱ्यांना 'कचरा जातो कुठं' हे वेगळं सांगावं लागत नाही. नवे भाडेकरू मात्र विचारतात.

सहा वाजता मावशी हात धुतात. तुमच्याही इमारतीत अशा कुणी मावशी असतील. त्यांच्यासाठी एवढं करा: केळ्यावरचं स्टिकर सोलून मगच साल डब्यात टाका, आणि पाला जाळू नका, पोत्यात भरून खाली पाठवा.