तुटलेला बिल्ड, तुंबलेला रिव्ह्यू

लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि तिच्यात बहुधा दहा हजारांहून अधिक बदल असतात. ते पाठवणारे दोन हजारांच्या आसपास प्रोग्रामर जगभर विखुरलेले असतात. अँड्रॉइड फोनपासून मोठमोठ्या सर्व्हरपर्यंत असंख्य यंत्रे याच कर्नलवर चालतात. एवढा पसारा म्हटला की काही बदलांमुळे बिल्ड फेल होणार आणि काही बदल तपासणाऱ्याची वाट पाहत पडून राहणार, हे ओघानेच आले. या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे: कोड लिहिणारे पुष्कळ मिळतात, तो काळजीपूर्वक वाचणारे मोजके असतात.

प्रोग्रामरने लिहिलेल्या सोर्स कोडपासून कंपायलरच्या मदतीने चालू शकणारा प्रोग्राम तयार करणे म्हणजे बिल्ड. ओपन सोर्स प्रकल्पात कोणीही बदल सुचवू शकतो. या सुचवलेल्या बदलाला पॅच म्हणतात. प्रकल्प सांभाळणारा मेंटेनर किंवा दुसरा जाणकार तो वाचतो, शंका विचारतो, दुरुस्त्या सांगतो. हा रिव्ह्यू. त्यातून पार पडलेला पॅच मुख्य कोडमध्ये मर्ज होतो. मुख्य कोडचा बिल्ड मोडला की त्यावर काम करणारे सगळेच अडकतात.

बिल्ड फेल होण्यामागे दर वेळी निष्काळजीपणा असतो असे नाही. कर्नलमध्ये चालू-बंद करता येणारे दहा हजारांहून अधिक पर्याय आहेत, शिवाय प्रोसेसरचे निरनिराळे प्रकार आणि कंपायलरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर यांतली एकच जुळणी तपासली गेलेली असते. त्याहून फसवा प्रकार दोन निर्दोष पॅचचा. एकाने एखाद्या फंक्शनचे नाव बदलले आणि ते जिथे जिथे वापरले होते तिथे दुरुस्तीही केली. त्याच सुमारास दुसऱ्याने नव्या फाइलमध्ये तेच फंक्शन जुन्या नावाने वापरले. दोन्ही पॅच स्वतंत्रपणे नीट बिल्ड होतात, रिव्ह्यूतही कोणाला खोट दिसत नाही; पण एकत्र आले की कंपायलर अडतो, कारण ते जुने नाव आता कुठेच नसते.

सप्टेंबर २०२१ मध्ये खुद्द लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांच्या एका निर्णयाने बरेच बिल्ड फेल झाले. कंपायलरने वॉर्निंग दिली तरी बिल्ड चालू राहतो, म्हणून वॉर्निंगकडे दुर्लक्ष होते. यावर उपाय म्हणून त्यांनी प्रत्येक वॉर्निंग ही चूक मानून बिल्ड थांबवण्याचा पर्याय सर्वांसाठी सुरू केला. लगेच अनेक प्रोसेसर-प्रकारांवरचे बिल्ड कोसळले. काही दिवसांतच तो पर्याय मुख्यतः चाचणीसाठी केलेल्या बिल्डपुरता ठेवावा लागला. शिस्त चांगलीच होती, पण साचलेल्या वॉर्निंग आधी निस्तरल्याशिवाय ती पेलण्याजोगी नव्हती.

अशा टकरी आधीच उघड व्हाव्यात म्हणून कर्नलमध्ये लिनक्स-नेक्स्ट नावाची व्यवस्था आहे. ऑस्ट्रेलियातील स्टीफन रॉथवेल यांनी २००८ मध्ये ती सुरू केली. पुढच्या आवृत्तीसाठी निरनिराळ्या मेंटेनरांनी तयार ठेवलेल्या शेकडो शाखा कामाच्या दिवशी एकामागून एक जोडल्या जातात आणि मधूनमधून बिल्ड करून पाहिला जातो. एखाद्या शाखेने बिल्ड मोडला, तर त्या दिवसापुरती तिची आदल्या दिवशीची चालू प्रत घेतली जाते आणि संबंधित मेंटेनरला तसे कळवले जाते. एकाच्या चुकीसाठी बाकीचे खोळंबत नाहीत, आणि चूक कोणी निस्तरायची याबद्दल संदिग्धता उरत नाही. या कष्टाच्या कामाची वाखाणणी व्हावी तेवढी होत नाही. लिनक्स-नेक्स्टच्या जोडीला इंटेलने चालवलेला टेस्ट रोबोट आहे. तो नवे पॅच निरनिराळ्या जुळण्यांत बिल्ड करून पाहतो आणि चूक सापडली की थेट पॅच पाठवणाऱ्याला ई-मेल करतो. त्यामुळे मेंटेनरने पॅच उघडण्यापूर्वीच बऱ्याच चुका दुरुस्त झालेल्या असतात.

तरीही एखादी चूक आत शिरलीच, तर कोड सांभाळणाऱ्या गिट या प्रणालीतील बायसेक्ट ही सोय कामी येते. नीट चालणारी जुनी स्थिती आणि बिघडलेली नवी स्थिती दाखवली की ती मधला बदल तपासायला देते आणि उत्तरानुसार उरलेले निम्मे बाद करते. दहा हजार बदलांतून दोषी बदल शोधायला साधारण चौदा चाचण्या पुरतात. मात्र मधल्या प्रत्येक टप्प्यावर बिल्ड यशस्वी व्हायला हवा. पॅचच्या मालिकेतील प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड झालाच पाहिजे, हा कर्नलचा आग्रह त्यासाठीच आहे.

रस्ट या भाषेच्या प्रकल्पाने मर्जच्या आधीच फाटक बसवले. रिव्ह्यू करणाऱ्याने संमती दिली तरी पॅच थेट आत जात नाही. बॉर्स नावाचा बॉट मुख्य कोडची ताजी प्रत घेतो, तिच्यात तो पॅच मिसळतो, सगळ्या टेस्ट चालवतो आणि त्या पास झाल्या तरच मर्ज करतो. वर सांगितलेली जुन्या नावाची टक्कर इथे अडते. रस्टचे मूळ जनक ग्रेडन होअर यांनी या नियमाची २०१४ मध्ये मांडणी केली. त्याची किंमतही आहे: पूर्ण चाचणीला काही तास लागतात आणि रांग वाढते. म्हणून किरकोळ, कमी जोखमीचे पॅच एकत्र बांधून एकदाच तपासले जातात. तो गठ्ठा फेल झाला तर दोषी पॅच शोधून बाजूला काढावा लागतो.

अशा आपोआप होणाऱ्या तपासणीत कधी पास, कधी फेल होणाऱ्या लहरी टेस्ट सर्वांत घातक. लाल निशाणी दिसली की ‘पुन्हा चालवून पाहू’ अशी सवय लागते आणि खरी चूकही त्यात खपून जाते. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलामध्ये शेरीफ म्हणून ओळखले जाणारे लोक हीच निवड करतात: ओळखीच्या लहरी अपयशाची नोंद करायची आणि खरा बिघाड करणारा पॅच विनाविलंब मागे घ्यायचा. मागे घेण्यात अपमान मानला जात नाही. दुरुस्त करून तो पुन्हा पाठवता येतो.

रिव्ह्यूचा अनुशेष मात्र यंत्राने पूर्ण निपटत नाही. १९९८ मध्ये टोरवाल्ड्स यांच्याकडे येणारे पॅच इतके वाढले की काही हरवू लागले, लोक तेच पुन्हा पाठवू लागले आणि वातावरण चिडचिडीचे झाले. त्यातून कोड सांभाळणाऱ्या प्रणालीची गरज पुढे आली. २००२ मध्ये बिटकीपर ही प्रणाली आली आणि त्याचा मोफत वापर बंद झाल्यावर एप्रिल २००५ मध्ये टोरवाल्ड्स यांनी गिट लिहिले. आज एकेका विभागाचा मेंटेनर आपले पॅच तपासून एकत्र पुढे पाठवतो. सगळा भार एकाच माणसावर पडत नाही.

पॅच पाठवणाऱ्यांवरही बंधने आहेत. कर्नलच्या नेटवर्किंग विभागात एका मालिकेत पंधराहून अधिक पॅच पाठवू नयेत आणि सुधारित प्रत चोवीस तासांच्या आत पुन्हा पाठवू नये, असा नियम आहे. छोटा पॅच लक्षपूर्वक वाचला जातो. मोठा गठ्ठा समोर आला की वाचणारा तो उद्यावर ढकलतो. रस्टमध्ये प्रत्येक पॅचवर तो रिव्ह्यूसाठी थांबला आहे की लेखकाच्या दुरुस्तीसाठी, याचे लेबल असते. रांगेतले सगळेच मेंटेनरमुळे अडलेले नाहीत, हे त्यावरून दिसते. काही प्रकल्पांत बरेच दिवस हालचाल नसलेले पॅच बॉट आपोआप बंद करतो. त्याने आकडा घटतो, पण कोणीच न वाचलेले चांगले कामही त्यात बुडते, म्हणून हा उपाय जपूनच वापरायला हवा.

अनुशेषाच्या दडपणाचा गैरफायदा कसा घेतला जातो, हे एक्सझेड प्रकरणात दिसले. फाइली आकुंचित करणारे हे सॉफ्टवेअर एकच मेंटेनर विनामोबदला सांभाळत होता. २०२२ मध्ये काही खात्यांवरून पॅच पडून राहिल्याच्या तक्रारी होऊ लागल्या आणि नवा मेंटेनर नेमण्याचा तगादा सुरू झाला. नियमित मदत करून विश्वास मिळवलेल्या एकाला पुढे अधिकार मिळाले. त्यानेच २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा ठेवला. घातक भाग टेस्टच्या फाइलींत दडवलेला होता आणि तो जागा करणारी बिल्ड स्क्रिप्ट फक्त वितरणाच्या गठ्ठ्यात होती, गिटमध्ये नव्हती. या आवृत्तीमुळे लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो हे अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरच्या लक्षात आले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी हा चोरदरवाजा उघड केला. ज्यांना बाहेरून पारखता येत नाही अशा टेस्ट-फाइली आणि बिल्ड स्क्रिप्टही रिव्ह्यूच्या कक्षेत आणण्याची निकड त्यानंतर अनेक प्रकल्पांना जाणवली.

फुकटच्या श्रमावर किती भार टाकायचा, हा प्रश्नही त्या प्रकरणाने ऐरणीवर आणला. जर्मनीत २०२२ पासून सॉव्हरिन टेक फंडमार्फत सरकारी पैसा पायाभूत ओपन सोर्स प्रकल्पांच्या देखभालीसाठी दिला जातो. पुढे तिथे मेंटेनरांसाठी फेलोशिपही सुरू झाली. नवे फीचर न लिहिता जुने सांभाळणे, आलेले पॅच वाचणे आणि बिल्ड चालू ठेवणे हे मोबदल्याचे काम असल्याचे त्यात गृहीत धरले आहे.