माप कुत्र्याचं, पाप मालकाचं

नोव्हेंबर २००२. इंग्लंडमधल्या स्लावच्या कोर्टात खुद्द राणीची मुलगी, राजकन्या ॲन, आरोपी म्हणून हजर झाली. तिच्या ‘डॉटी’ या बुल टेरियर कुत्रीने विंडसरच्या राजउद्यानात दोन मुलांना चावे घेतले होते. ॲनने गुन्हा कबूल केला. ५०० पौंड दंड झाला, मुलांना भरपाई द्यावी लागली आणि कुत्रीला बाहेर नेताना पट्टा लावा, तिला शिस्त लावा, असं कोर्टाने बजावलं. राजघराण्यातली एवढी मोठी व्यक्ती फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरली म्हटल्यावर वर्तमानपत्रांची चंगळ झाली. त्या गदारोळात एक गोष्ट मात्र सहज नजरेआड व्हावी. हा खटला ज्या कायद्याखाली चालला, तो ‘धोकादायक कुत्र्यांचा कायदा’ ओळखला जातो चार जातींवरच्या बंदीसाठी. डॉटी त्या चारांपैकी नव्हतीच.

१९९१च्या मे महिन्यात ब्रॅडफर्डमध्ये सहा वर्षांच्या एका मुलीचे पिट बुलने लचके तोडले. देश हादरला, रोज पहिल्या पानावर फोटो येऊ लागले. गृहमंत्री केनेथ बेकर यांनी झटपट विधेयक आणलं. जुलैअखेर ते मंजूर झालं आणि १२ ऑगस्टला अंमलात आलं. बंदी घातली ती पिट बुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चारांवर. यातली शेवटची तीन तेव्हा ब्रिटनमध्ये औषधालाही सापडणं कठीण होतं. खरा रोख पिट बुलवर होता, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

कारण पिट बुल ही ब्रिटिश केनेल क्लबच्या दप्तरी नोंदलेली जातच नव्हती. मग कायद्याने ‘पिट बुल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धाटणीचा कुत्रा’ असे मोघम शब्द घातले. धाटणी ठरवायची कशी? १९९३मध्ये वरच्या कोर्टाने सांगितलं की वर्णन तंतोतंत जुळायला नको, बऱ्यापैकी लक्षणं जुळली तरी पुरे. लक्षणांची यादी कुठली, तर अमेरिकेतल्या पिट बुल शौकिनांच्या एका मासिकात १९७७ साली छापलेली. डोक्याचा आकार, छातीची रुंदी, शेपटीची लांबी. कुत्र्याचे आईबाप कोण, तो आजवर कोणाला चावला का, हे प्रश्नच नव्हते. वर, आपला कुत्रा पिट बुल नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. चोराच्या खटल्यातही आरोपीवर अशी वेळ येत नाही.

डेम्प्सी नावाच्या पिट बुल कुत्रीची गोष्ट या काळातली. १९९२मध्ये लंडनमध्ये तिला फिरवायला नेलं असताना ती ओकायला लागली, म्हणून तोंडाचं मुसकं क्षणभर काढलं. नेमके त्याच वेळी पोलीस तिथे. सार्वजनिक जागी मुसकं नाही म्हणजे गुन्हा, आणि मूळ कायद्यानुसार शिक्षा एकच, कुत्र्याला मारणे. न्यायाधीशाला दयेची सोयच ठेवलेली नव्हती. तीनेक वर्षं डेम्प्सी पोलिसांच्या पिंजऱ्यात राहिली, तिच्यासाठी फ्रान्सहून अभिनेत्री ब्रिजित बार्दो धावून आली, आणि शेवटी १९९५मध्ये तांत्रिक मुद्द्यावर सुटका झाली. १९९७ला कायदा बदलला. कुत्रा लोकांना धोकादायक नाही अशी खात्री पटली तर कोर्टाने त्याला सूट द्यावी, मात्र नसबंदी, मायक्रोचिप, विमा आणि बाहेर पट्टा-मुसकं या अटींवर, असं ठरलं.

या कायद्याचं तिसरं कलम बंदीच्या पहिल्या कलमाइतकं गाजत नाही, पण कामाचं तेच आहे. कुत्रा कुठल्याही जातीचा असो, तो आवाक्याबाहेर गेला आणि माणसाला भीती वाटली किंवा इजा झाली, तर सांभाळणारा जबाबदार. ॲनला दंड झाला तो याच कलमाखाली. गंमत अशी, की कित्येक वर्षं हे कलम मुख्यतः सार्वजनिक जागेपुरतं होतं. पत्र टाकायला फाटकातून आत आलेल्या पोस्टमनला मालकाच्याच अंगणात कुत्र्याने फाडलं, तर या कलमाचा त्याला उपयोग नव्हता. टपाल कामगारांच्या संघटनेने वर्षानुवर्षं लावून धरल्यावर २०१४मध्ये ही फट बुजवली. आता खासगी जागाही त्यात येते, आणि कुत्र्याने माणूस मारला तर मालकाला १४ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

पण शिक्षा कितीही कडक केली तरी ती चाव्यानंतरच येते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

यादी करून प्रश्न मिटतो का, याचा निकाल ‘एक्सएल बुली’ने लावला. पिट बुलच्याच रक्तातून अमेरिकेत पैदा केलेला हा धिप्पाड कुत्रा १९९१च्या मोजमापात बसत नव्हता, म्हणून कायदेशीर होता. कोविडच्या आसपास ब्रिटनमध्ये त्याची हौस बोकाळली, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतल्या कुत्र्यांच्या जीवघेण्या हल्ल्यांत त्याचं नाव पुन्हा पुन्हा येऊ लागलं. सप्टेंबर २०२३मध्ये स्टॅफर्डशरमधल्या एका मृत्यूनंतर दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी बंदी जाहीर केली. १ फेब्रुवारी २०२४पासून इंग्लंड-वेल्समध्ये सूट मिळाल्याच्या दाखल्याशिवाय तो पाळणं गुन्हा ठरलं.

दाखला घ्यायचा की नाही, हे ठरवायचं मात्र मालकाने. सरकारने वर्णन छापून दिलं: नराची उंची खांद्याशी ५१ सेंटिमीटर किंवा जास्त, मादीची ४८, डोकं जड आणि रुंद, अंग पिळदार. सगळं जुळलंच पाहिजे असं नाही, शंका असेल तर घ्या दाखला. म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीला कुत्रा टेकवून उभा करायचा, टेप लावायची, तेवढ्यात त्याने मान खाली घातली की पुन्हा पहिल्यापासून. पिल्लू असेल तर मोठेपणी ते केवढं होईल याचा अंदाज बांधायचा. दाखल्याची फी ९२ पौंड ४० पेन्स. कुत्रा नकोसा झाला तर डॉक्टरकडून त्याला मरण द्यायचं आणि सरकारकडून २०० पौंड घ्यायचे. ५० हजारांहून जास्त कुत्र्यांचे दाखले निघाले. इतके कुत्रे आहेत याची सरकारला आधी कल्पनाच नव्हती.

कल्पना असणार कशी? ब्रिटनमध्ये कुत्रा पाळायला परवाना लागायचा. फी ३७ पेन्स, वसुलीचा खर्च त्याहून जास्त, म्हणून १९८७मध्ये सरकारने तो बंदच केला. चारच वर्षांनी धोकादायक कुत्र्यांचा कायदा आला. देशात कुत्रे किती आणि कोणाकडे, हे सांगणारा कागद फाडून टाकल्यावर सरकार कुत्र्यांची डोकी मोजायला निघालं.

प्राणिप्रेमी संस्था म्हणतात, जात पाहू नका, करणी पाहा. मला हे अर्धंच पटतं. पामेरियन चावला तर टाके पडतात, पन्नास किलोचा एक्सएल बुली चावला तर माणूस जातो. आकार आणि जबड्याची ताकद हाही धोक्याचाच भाग आहे. पण नुसत्या यादीने काय साधतं, हे नेदरलँड्सला विचारावं. तिथे १९९३मध्ये पिट बुलवर बंदी आली, चावे काही कमी झाले नाहीत, आणि पंधराएक वर्षांनी त्यांनी ती उठवली.

वेगळी वाट स्कॉटलंडने काढली. २०१०च्या तिथल्या कायद्यानुसार कुत्रा अजून कोणाला चावलेला नसला, पण लोक त्याला भ्यावेत असं वागत असला, तरी स्थानिक परिषदेचा अधिकारी मालकाच्या हातात नोटीस देऊ शकतो: पट्टा लावा, मुसकं घाला, शिकवणीला न्या. नोटीस धुडकावली तर खटला. खटल्याआधीची ही पायरीच खरी सुधारणा आहे, असं माझं मत. अडचण माणसांची. कुठल्या परिषदेकडे नोटिसा देणारा पूर्णवेळ अधिकारी, तर कुठे तेच काम इतर दहा कामांच्या जोडीला. २०१९मध्ये तिथल्याच संसदीय समितीने अंमलबजावणीवर कडक ताशेरे ओढले. आणि २०२४मध्ये इंग्लंडच्या बंदीमुळे एक्सएल बुली उत्तरेकडे येऊ लागल्यावर स्कॉटलंडलाही यादीच्याच मागे जावं लागलं.

यादीचा मोह आपल्यालाही झाला. लखनौमध्ये २०२२साली घरच्याच पिट बुलने ८२ वर्षांच्या बाईंचा जीव घेतला, त्यानंतर गाझियाबादसारख्या महापालिकांनी बंदीचे ठराव केले. १२ मार्च २०२४ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र धाडून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री रोखायला सांगितलं. ब्रिटनची मूळ चारही नावं त्यात आहेत. तोसा तर दोनदा आलाय. ‘टेरियर’ म्हणून एक अख्खं खानदानच घातलंय, म्हणजे उंदीर मारण्यापुरता इवलासा टेरियरही त्यात आला. महिन्याभरात, १० एप्रिलला, कर्नाटक उच्च न्यायालयाने हे पत्रक रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं म्हणणंच ऐकलेलं नाही, हे त्याचं एक कारण.

मग आपल्याकडे उरतं काय? भारतीय न्याय संहितेचं २९१ कलम: जनावर सांभाळण्यात हयगय केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. नावाजलेल्या ब्रीडचं पिल्लू याच्या कैक पटींनी महाग असतं. आणि ब्रिटनने फेकून दिलेला परवाना. मुंबई-पुण्यात पाळीव कुत्र्यासाठी तो आजही घ्यावा लागतो, त्यासाठी रेबीजच्या लशीचा दाखला लागतो, पण किती जण घेतात हे आपल्याच इमारतीत विचारून पाहावं. त्या परवान्याला मालकाच्या जबाबदारीचा विमा जोडता येईल. वॉर्डात एक अधिकारी नेमून त्याला स्कॉटिश पद्धतीच्या नोटिशीचा अधिकार देता येईल. तोवर तिसऱ्या मजल्यावरचा रॉटवायलर लिफ्टमध्ये मुलांवर गुरगुरला तर तक्रार जाते ती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि सेक्रेटरी ‘नोंद घेतली’ म्हणून अंगठा टाकतात.