गोथेनबर्गचा काळा सूर : एव्हरग्रेची वाटचाल

पॉवर मेटल म्हटले की तलवारी, ड्रॅगन, भरधाव ड्रम आणि तारसप्तकात जाऊन बसलेला गायक आठवतो. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हटले की पाच-सात मात्रांचे हिशेब आणि लांबलचक सोलो. (रूपक आणि झपताल कानावरून गेलेल्या माणसाला त्या हिशेबांचे फारसे अप्रूप वाटू नये.) एव्हरग्रे या स्वीडिश बँडवर हे दोन्ही शिक्के मारले जातात आणि दोन्ही अर्धवटच उमटतात. टॉम एस. एंग्लुंड गातो तो खर्जाकडे झुकणाऱ्या, कडांना खरखरीत झालेल्या आवाजात. आणि गातो कशाबद्दल? विस्कटलेली घरे, श्रद्धेच्या नावाने झालेली फसवणूक, आतून पोखरणारी निराशा. शौर्यगाथांच्या या प्रांतात इतकी हळवी माणसे क्वचितच सापडतात.

बँड गोथेनबर्गचा. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हे बंदर म्हणजे व्होल्वोचे गाव, पण मेटल ऐकणाऱ्यांना ते वेगळ्याच कारणाने माहीत आहे. अॅट द गेट्स, डार्क ट्रँक्विलिटी आणि इन फ्लेम्स या बँडनी नव्वदच्या दशकात इथे डेथ मेटलला चाली दिल्या. 1997मध्ये याच शहरातल्या हॅमरफॉलने पहिल्याच अल्बमने जुन्या वळणाच्या वीररसाला पुन्हा गिऱ्हाईक मिळवून दिले. एव्हरग्रे या दोन्ही पंगतींच्या मध्ये बसला. त्याचे पहिले अल्बम ‘द डार्क डिस्कव्हरी’ (1998) आणि ‘सॉलिट्यूड, डॉमिनन्स, ट्रॅजेडी’ (1999). निर्मितीला होता अँडी लारॉक, म्हणजे किंग डायमंडचा गिटारवादक आणि गोथेनबर्गच्या मेटलमधले वजनदार नाव. अॅट द गेट्सच्या गाजलेल्या ‘स्लॉटर ऑफ द सोल’वरही त्याचा एक सोलो आहे. या दोन अल्बममध्ये बँड अजून चाचपडतोच आहे, पण काळोखाची ओढ पहिल्या दिवसापासूनची.

खरी ओळख पटली ती 2001च्या ‘इन सर्च ऑफ ट्रूथ’ने. परग्रहवासीयांनी आपल्याला उचलून नेले अशी खात्री पटलेल्या माणसाची ही कहाणी. व्हिटली स्ट्रीबरच्या ‘कम्युनियन’ या पुस्तकातून तिचे बीज आले. विषय ऐकून हसू यावे असा, आणि दुसऱ्या एखाद्या बँडने त्याचे लेझर-दिव्यांचे तमाशे केले असते. एव्हरग्रेने उडत्या तबकड्या जवळजवळ दाराबाहेरच ठेवल्या. उरला तो झोप उडालेला, स्वतःच्या आठवणींवरचा विश्वास गमावलेला माणूस. त्याच्याबाबत खरेच काही घडले की डोके फिरले, हा प्रश्न महत्त्वाचाच राहत नाही. त्याची भीती खरी आहे, एवढे पुरते. ‘द मास्टरप्लॅन’मध्ये गिटारचा जाड ठोका आणि कीबोर्डचे थंडगार सूर यांच्या कात्रीत एंग्लुंडचा आवाज सापडतो, तेव्हा वाद्यांचे कसब दाखवायला कोणाला उसंतच नसते.

पुढची तीन वर्षे भरभराटीची. ‘रिक्रिएशन डे’वर (2003) ‘आय अॅम सॉरी’ हे गाणे आहे. ते मुळात दिल्बा या स्वीडिश पॉप गायिकेचे. मेटल बँडने पॉपचे गाणे घ्यायचे म्हणजे बहुधा थट्टा म्हणून, पण इथे ते असे मिसळून गेले की अनेकांना ते एव्हरग्रेचेच वाटते. ‘द इनर सर्कल’ (2004) हा धर्मपंथाच्या कह्यात सापडलेल्या माणसाचा अल्बम. शेवटच्या ‘व्हेन द वॉल्स गो डाउन’मध्ये गायनाऐवजी एका प्रवचनकाराचा कातर झालेला आवाज येतो आणि त्याच्यामागे वाद्ये चढत जातात. पंथाच्या फसवणुकीवरच्या अल्बमचा शेवट प्रवचनाने करणे धाडसाचे होते. ऐकणारा हेलावतो आणि हेलावल्याबद्दल स्वतःवरच चिडतो. त्याच सुमारास गोथेनबर्गच्या स्टोरा तेआतर्न या जुन्या नाट्यगृहात झालेली मैफल ‘अ नाइट टू रिमेंबर’ (2005) म्हणून निघाली.

मग घसरण. ‘मंडे मॉर्निंग अॅपोकॅलिप्स’ (2006) आटोपशीर गाण्यांचा आणि काहीसा बाजाराकडे डोळा ठेवून केलेला. जुने चाहते नाराज झाले. ‘टॉर्न’साठी (2008) स्ट्रॅटोव्हॅरियसचा जुना बेसवादक यारी काइनुलाइनेन आला, तरी गाडी रुळावर आली नाही. 2010मध्ये तो स्वतः, गिटारवादक हेन्रिक डॅनहाग आणि ड्रमवादक योनास एकडाल असे तिघे एकदम बाहेर पडले. एंग्लुंड आणि कीबोर्डवादक रिकार्ड झांदर एवढेच मागे राहिले.

‘ग्लोरियस कोलिजन’ (2011) नव्या माणसांना घेऊन केला. त्यावर एंग्लुंडची मुलगी सलीनाही गायली. बेसवर आलेला योहान निमान टिकला, ड्रमवादक हानेस व्हान डाल मात्र पुढे साबाटोन या बँडमध्ये गेला. बँड गुंडाळण्याचा विचार एंग्लुंडच्या मनात घोळत होता. 2014मध्ये डॅनहाग आणि एकडाल परतले आणि ‘हिम्स फॉर द ब्रोकन’ निघाला. ‘किंग ऑफ एरर्स’ हे गाणे त्यातलेच. स्वतःला चुकांचा राजा म्हणवून घेणारा गायक या संगीतात दुर्मीळच. ‘हिम्स फॉर द ब्रोकन’पासून सुरू झालेली त्रयी ‘द स्टॉर्म विदिन’ (2016) आणि ‘द अटलांटिक’ (2019) यांनी पुरी झाली. गायिका फ्लोर यान्सेन मधल्या अल्बमवर पाहुणी होती. तिसऱ्याला समुद्राचे वजन आहे. ‘अ सायलेंट आर्क’ने तो सुरू होतो तेव्हा गिटार पूर्वीपेक्षा कितीतरी खोल उतरलेली ऐकू येते.

त्यानंतर बँडने दम घेतलेलाच नाही. ‘एस्केप ऑफ द फिनिक्स’वर (2021) ड्रीम थिएटरचा जेम्स लाब्री गायला, पुढच्याच वर्षी ‘अ हार्टलेस पोर्ट्रेट’ आला. एंग्लुंड मधल्या काळात रिडेम्प्शन या अमेरिकी बँडमध्येही गाऊ लागला आणि पियानोवादक विक्रम शंकरसोबत ‘सायलेंट स्काइज’ नावाने संथ, गिटारविरहित गाणी करू लागला. या गाण्यांनी एक गोष्ट उघड केली : त्याच्या चालींना मेटलची गरज नव्हती, मेटलला मात्र त्यांची होती.

‘थिअरीज ऑफ एम्प्टिनेस’वर (2024) काटाटोनियाचा योनास रेंक्से आणि पुन्हा सलीना असे दोन आवाज आले. एकडालचा हा शेवटचा अल्बम. ड्रमवर आता नॉर्वेचा सीमेन सांडनेस बसतो. नव्याने ऐकणाऱ्याने तरी इथून सुरुवात करू नये. आधी ‘इन सर्च ऑफ ट्रूथ’, मग थेट ‘हिम्स फॉर द ब्रोकन’. मधले पडझडीचे अल्बम नंतर, सवडीने.